मुलांच्या मूत्राशयाची क्षमता : सूत्रांमागची पार्श्वभूमी

व्हीसीयूजी या क्ष-किरण तपासणीत मुलाच्या मूत्राशयात नळीवाटे कॉन्ट्रास्ट द्रव (क्ष-किरणांत उठून दिसणारा द्रव) सोडतात आणि ते लघवी करत असताना चित्रे घेतात. द्रव कमी पडला तर मूत्रपिंडाकडे जाणारा उलटा प्रवाह नजरेतून सुटू शकतो. जास्त झाला तर मुलाला नाहक वेदना होतात आणि क्वचित मूत्राशयाला इजाही होते. म्हणूनच किती भरायचे याचा अंदाज तपासणीआधीच हाती असावा लागतो.

स्वीडनचे येल्मोस यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र वयाच्या वर्षांना ३० ने गुणून त्यात ३० मिळवते आणि उत्तर मिलिलिटरमध्ये देते. अमेरिकेत १९८३ मध्ये कॉफ यांनी, आणि त्याच वर्षी बर्गर व सहकाऱ्यांनीही, वयात २ मिळवले की क्षमता औंसात मिळते असे मांडले. एक औंस म्हणजे जवळपास ३० मिलिलिटर असल्याने ही दोन्ही सूत्रे मुळात एकाच चढाच्या सरळ रेषा आहेत, फक्त दुसरी एक औंस वर सरकलेली. तोंडी हिशेब जमतो, हेच तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण असावे.

मूत्राशय मात्र सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला त्याची वाढ वेगाने होते आणि मग मंदावते. म्हणून केफर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये न्यूक्लिअर सिस्टोग्राफीतील (किरणोत्सर्गी द्रव भरून केलेल्या मूत्राशयाच्या तपासणीतील) मोजमापांवरून दोन सूत्रे दिली : दोन वर्षांखालील मुलांसाठी वयाची दुप्पट अधिक २ औंस, त्यापुढे वयाचे निम्मे अधिक ६ औंस. (कागदावर यामुळे दुसऱ्या वाढदिवशी क्षमता एका रात्रीत ६ वरून ७ औंसांवर जाते, पण एवढी तफावत चालण्याजोगी आहे.) पाच वर्षांच्या मुलासाठी ही तीन सूत्रे अनुक्रमे सुमारे १८०, २१० आणि २५५ मिलिलिटर सांगतात.

हा फरक बराचसा मोजण्याच्या पद्धतीतून येतो. नळीने भरलेले आणि मुलाने स्वतः धरून ठेवलेले प्रमाण सारखे नसते. द्रव थंड असला किंवा घाईने सोडला तर मूत्राशय लवकर आकुंचन पावते. इंटरनॅशनल चिल्ड्रन्स कॉन्टिनन्स सोसायटी या मुलांच्या लघवीवरील नियंत्रणाच्या तक्रारींवर काम करणाऱ्या संस्थेने परिभाषेसाठी स्वीकारलेले ३० गुणिले (वय अधिक १) हे सूत्र येल्मोस यांचेच रूप आहे, पण त्याचा मुख्य उपयोग एका वेळी होणाऱ्या लघवीचे प्रमाण ताडून पाहण्यासाठी आहे. ते ४ ते १२ वर्षांपर्यंत लागू मानतात आणि पुढे ३९० मिलिलिटर धरतात. सोनोग्राफीत लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला ०.५२ ने गुणतात. त्यातून त्या क्षणी आत किती मूत्र आहे एवढेच कळते. तान्ह्या बाळांमध्ये तर नळी आत ठेवूनच मूत्राशय भरण्याची व रिकामे होण्याची आवर्तने एकापेक्षा अधिक वेळा पाहिली जातात, कारण उलटा प्रवाह कधीकधी दुसऱ्या आवर्तनातच दिसतो.