मोडलारॉइट : ओढ्याची हद्द आणि काँक्रीटची भिंत

जर्मनीत बव्हेरिया आणि थुरिंगिया ही राज्यं एकमेकांना लागतात, तिथे मोडलारॉइट नावाचं जेमतेम ५० वस्तीचं गाव आहे. अमेरिकी सैनिक त्याला 'लिटल बर्लिन' म्हणायचे. या नावामुळे एक समजूत पक्की बसते: शीतयुद्धाने एका गावाचे दोन तुकडे केले आणि १९९० साली ते पुन्हा जुळले. तसं नाही. इथे सीमा दोन होत्या, दोन्ही एकाच ओढ्याच्या आधाराने आखलेल्या. त्यांतली एकच गेली.

जुनी हद्द १८१०ची. टानबाख हा ओढा सहज उडी मारून पार करावा एवढाच, पण त्याच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले. दक्षिणेला बव्हेरियाचं राज्य, उत्तरेला रॉइस नावाचं छोटं संस्थान. पुढे १९२०मध्ये रॉइस थुरिंगियात विलीन झालं, दगड जागेवरच राहिले. गावाचं मात्र या हद्दीने फारसं काही अडलं नाही. शाळा आणि बिअर प्यायला बसायची जागा थुरिंगियाच्या बाजूला होती, तर प्रार्थनेसाठी सगळे बव्हेरियातल्या टोपेनला जायचे. सरकारं दोन, रोजचा व्यवहार एक.

दुसऱ्या सीमेचं मूळ गावात नाहीच, ते लंडनमध्ये आहे. १२ सप्टेंबर १९४४च्या करारात दोस्त राष्ट्रांनी पराभवानंतरच्या जर्मनीची वाटणी कागदावर ठरवली. नव्या रेषा आखत बसण्यापेक्षा त्यांनी बहुतेक ठिकाणी राज्यांच्या आणि प्रांतांच्या जुन्या हद्दीच उचलल्या. बव्हेरिया अमेरिकेकडे, थुरिंगिया सोव्हिएत संघाकडे. त्या टेबलाशी बसलेल्या कुणाला टानबाख माहीत असेल असं मला वाटत नाही. पण १९४९मध्ये दोन जर्मन देश झाले आणि हा ओढा दोन जगांमधली सरहद्द ठरला.

तरीही खरा बदल १९५२चा. पूर्व जर्मनीने सरहद्दीलगत १० मीटरचा नांगरलेला पट्टा, ५०० मीटरचा संरक्षित पट्टा आणि ५ किलोमीटरचं प्रतिबंधित क्षेत्र जाहीर केलं. ज्यांच्यावर भरवसा नव्हता अशा कुटुंबांना या भागातून उठवून आत हलवलं. मोडलारॉइटमध्ये आधी लाकडी कुंपण आलं आणि १९६६मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीची, तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. पूर्वेकडच्यांना पलीकडे बघून हात हलवायचीही बंदी होती.

दोन्हींत गल्लत होते ती इथेच. हद्दीचा दगड एवढंच सांगतो की इथे एकाचा कारभार संपतो, दुसऱ्याचा सुरू होतो. तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू. भिंत एका बाजूने, आपल्याच जमिनीवर आणि आपल्याच माणसांना अडवायला बांधलेली होती. बव्हेरियातून कुणीही ओढ्यापर्यंत येऊन ती बघू शकत असे. १९८३मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष थोरले बुश येऊन बघूनही गेले.

बर्लिनची भिंत उघडल्यावर बरोबर महिन्याने, ९ डिसेंबर १९८९ला, इथे पायी ये-जा सुरू झाली. १७ जून १९९०ला बुलडोझर लागला. भिंतीचा एक तुकडा मुद्दाम राखून ठेवलाय, त्याभोवती आता संग्रहालय आहे. बहुतेक पर्यटक तेवढंच बघून परततात.

१८१०ची हद्द मात्र अजून चालू आहे. दक्षिणेकडची घरं टोपेन ग्रामपालिकेत, उत्तरेकडची गेफेल नगरपालिकेत. म्हणजे महापौर दोन, पिनकोड दोन, गाड्यांच्या नंबरप्लेटा दोन तऱ्हेच्या. ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची सुट्टी थुरिंगियाला, दुसऱ्या दिवशी सर्व संतांच्या सणाची सुट्टी बव्हेरियाला. आणि लँडलाइनवरून ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याशी बोलायचं तर आधी एसटीडी कोड फिरवावा लागतो.