क्लबफेस सरळ आणायचा सल्ला कसा बदलत गेला

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात गोल्फ शिकायला येणारा माणूस बहुधा क्रिकेट खेळून आलेला असतो. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यातला इंजिनिअर असो, डॉक्टर असो, की बॅगा उचलता उचलता खेळ शिकलेला जवळच्या गावातला कॅडी असो, सुरुवातीचं दुखणं बहुतेकांचं सारखंच. ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याचा क्लब (गोल्फची काठी), मारला की चेंडू उजवीकडे वळत वळत जातो. म्हणजे स्लाइस.

उपाय विचारला की तीन माणसं तीन गोष्टी सांगतात. एक म्हणतो, मनगटं फिरवा. दुसरा म्हणतो, मनगटं अजिबात फिरवू नका, अंग फिरवा. तिसरा म्हणतो, बॉल उजवीकडे जातोय ना, मग क्लब डावीकडे काढा. तिघंही मनापासून सांगत असतात, आणि तिघांचंही कधी ना कधी, कुठे ना कुठे बरोबर मानलं जायचं. अडचण एवढीच की हे तीन सल्ले तीन वेगळ्या काळांतून आलेत. कोणता सल्ला कोणत्या काळातला हे कळलं तर शिकणाऱ्याची निम्मी दमछाक वाचेल, असं माझं ठाम मत आहे. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशेबाने लिहिलं आहे.)

आधी मूळ अडचण पाहू. बॅटचा दांडा पात्याच्या मधोमध असतो. गोल्फ क्लबचा शाफ्ट (दांडा) मात्र हेडच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या भागाच्या, एका टोकाला, टाचेकडे बसवलेला असतो आणि हेडचं वजन त्याच्या बाहेर लोंबतं. शिवाय स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची क्रिया, तिरक्या वर्तुळात होतो. त्यामुळे मागे जाताना फेस (हेडची चेंडूवर आदळणारी सपाट बाजू) उजवीकडे उघडतो आणि खाली येताना तो पुन्हा बंद होत यावा लागतो. बॅटचं पूर्ण तोंड चेंडूच्या रेषेत शक्य तितका वेळ दाखवायचं, हे आपल्या पोरांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. तीच सवय घेऊन गोल्फला आलं की फेस बंद व्हायचा राहून जातो. हिशेब साधा आहे. फेस 1 अंश उघडा राहिला तर 200 मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो, 5 अंश राहिला तर सतरा मीटरहून जास्त. यात हवेत वळण्याचं अंतर धरलेलंच नाही.

मनगटं फिरवायचा सल्ला हिकरीच्या काळातला. एकोणिसाव्या शतकात क्लबच्या दांड्यांसाठी हिकरी हे अमेरिकेतलं चिवट लाकूड रूढ झालं. लाकूड मजबूत, पण स्विंगच्या जोराने ते नुसतं वाकत नसे, स्वतःभोवती पिळवटतही असे. कुऱ्हाडीचा घाव जरा तिरका बसला की बाभळीचा दांडा मुठीत कसा फिरू पाहतो, हे ज्याने लाकडं फोडली आहेत त्याला ठाऊक असतं. हिकरीत तो पीळ दांड्यातच पडे. हेड मागे रेंगाळे, फेस उघडा राही, आणि तो वेळेवर सरळ आणायला खेळाडूला हात आणि मनगटं मुद्दाम फिरवावी लागत. हॅरी व्हार्डनने 1896 ते 1914 या काळात सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकली. उजव्या करंगळीने डाव्या तर्जनीवर बसायची जी ग्रिप (क्लबची पकड) आज जगभर शिकवली जाते, ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. ती पहिल्यांदा त्याने वापरली असं नाही, पण लोकप्रिय त्यानेच केली. दोन हातांनी एकच हात असल्यासारखं काम करावं, हा त्यामागचा हेतू.

मग पोलाद आलं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1924 मध्ये स्टील शाफ्टला मान्यता दिली, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या नियामकांनी 1929 मध्ये. बदल किती झपाट्याने झाला पाहा. बॉबी जोन्सने 1930 साली एका वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीने. दुसऱ्याच वर्षी बिली बर्कने स्टील शाफ्टने यूएस ओपन जिंकली. पोलादी नळी फारशी पिळवटत नाही. म्हणजे लाकडाचा पीळ भरून काढायला शिकलेले हात आता जास्तीचे फिरू लागले, आणि चेंडू डावीकडे हुक होऊ लागला. कॅडी म्हणून वाढलेल्या बायरन नेल्सनने स्विंग नव्याने बसवला: हात शांत, पायांचा आणि कमरेचा जोर, आणि फेस चेंडूच्या आसपास जास्तीत जास्त वेळ सरळ. 1945 मध्ये त्याने ओळीने 11 स्पर्धा जिंकल्या. ‘मनगटं फिरवू नका’ हे वाक्य या काळाचं.

इथेच अमेरिकन खेळाडू बेन होगनबद्दल सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या हौशी खेळाडूंचं सगळ्यात जास्त नुकसान त्याच्या अर्धवट अनुकरणाने होतं असं मला वाटतं. होगन अफाट मेहनती. त्याला वर्षानुवर्षं छळलं ते हुकने. म्हणून त्याने डाव्या हाताची ग्रिप सैल नव्हे, पण ‘वीक’ केली, म्हणजे हात क्लबवर डावीकडे वळवून धरला. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे नेण्याच्या, वरच्या टोकाला डावं मनगट किंचित मागे मोडलं, ज्याने फेस उघडतो. फेब्रुवारी 1949 मध्ये त्याच्या गाडीला बसची भीषण धडक बसली; त्यातून उठून त्याने 1950 ची यूएस ओपन जिंकली. 1955 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याचं हे ‘गुपित’ छापलं आणि ते जगभर गेलं. पण ते होतं फेस फार लवकर बंद होणाऱ्या माणसाचं गुपित. ज्याचा फेस आधीच उघडा आहे, त्याने ते उचललं तर स्लाइस दुप्पट होणारच. आजही सरावाच्या रेंजवर, वरून पाहताना डाव्या मुठीचं जेमतेम एकच पेर (बोटाच्या मुळाचा सांधा) दिसेल अशी ग्रिप धरून स्लाइसशी झगडणारा कुणी दिसला की मला कळवळा येतो. दोन ते तीन पेरं दिसतील इतका हात उजवीकडे नेला, तर त्याचं अर्धं काम तिथेच होईल.

तिसरा सल्ला, डावीकडे काढा, हा चुकीच्या सिद्धांतातून आला. अनेक दशकं प्रशिक्षकांना शिकवलं जायचं की चेंडू क्लब ज्या दिशेने जातो त्या दिशेने सुटतो आणि नंतर फेस जिकडे आहे तिकडे वळतो. त्या न्यायाने उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे वळणारा चेंडू पाहिला की निदान व्हायचं, क्लब उजवीकडे जातोय. म्हणून डावीकडे काढा. प्रत्यक्षात फेस उजवीकडे असतो. क्लब आणखी डावीकडे काढला की फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातलं अंतर वाढतं आणि चेंडू आणखी वळतो. मनापासून ऐकणारा विद्यार्थी जास्त बिघडतो, ही खरी खंत.

चूक पकडायला साधनं हवी होती. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टनने वेगाने उघडझाप करणाऱ्या दिव्यांच्या तंत्राने 1938 मध्ये गोल्फपटू डेन्स्मोर श्यूटचा अख्खा स्विंग एकाच छायाचित्रात टिपला. 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश वैज्ञानिक अभ्यासाने स्पष्ट केलं की चेंडू आणि फेस यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्यात हाताला जाणीव होऊन काही दुरुस्त करणं अशक्य. जे करायचं ते आधीच झालेलं असतं. पुढे डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीने रडार गोल्फमध्ये आणलं आणि आकडेच समोर आले: चेंडू कुठल्या दिशेने सुटेल हे ड्रायव्हरला साधारण 85 टक्के आणि आयर्नला (कमी अंतराच्या क्लबला) 75 टक्के फेसवर ठरतं. वाद मिटला.

त्यानंतर आधी फेस, मग मार्ग अशी शिकवण्याची पद्धत पक्की होत गेली. 2016 ची यूएस ओपन जिंकणारा डस्टिन जॉन्सन वरच्या टोकाला डावं मनगट उलट, तळहाताच्या बाजूला वाकवतो. त्यामुळे फेस बंद होतो आणि जॉन्सन पुढे अंग वेगाने फिरवून त्या फेसला आवरतो. अमेरिकेचाच ली ट्रेव्हिनो हेच आपल्या पद्धतीने कितीतरी आधी करत होता, तेही कुणाकडे न शिकता. हिकरीच्या पिळवटणाऱ्या दांड्याने असा स्विंग भरवशाने जमणं कठीणच होतं.

मराठवाड्यात ही परंपरा उशिरा आली. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, मुंबईतला 1842 चा. आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. पिढ्यान् पिढ्यांचे प्रशिक्षक इथे नव्हते, सल्ले तोंडोतोंडी पसरले. त्यात कमीपणा मुळीच नाही. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर कॅडी म्हणूनच घडला होता. ‘साहेब, फेस उघडा राहिला बघा,’ असं मागून सांगणारा कॅडी कित्येकदा बरोबर असतो, कारण तो चेंडू कुठून सुटला हे पाहतो, फक्त कुठे पडला हे नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, पण तो नीट वापरायला हवा. फोन स्लो-मोशनमध्ये सेकंदाला 240 चित्रं घेतो. हेडचा वेग ताशी 160 किलोमीटर धरला तर दोन चित्रांमध्ये ते 18-19 सेंटिमीटर पुढे जातं. स्पर्शाचा क्षण त्यात सापडेलच असं नाही, आणि सापडला तरी फेसचा अंश दोन अंशाचा फरक त्यात ओळखू येत नाही. त्याऐवजी मागून, चेंडू-लक्ष्याच्या रेषेत फोन ठेवा आणि खाली येताना शाफ्ट कमरेच्या उंचीवर जमिनीला समांतर होतो ते चित्र थांबवा. फेसची खालची कड पाठीच्या कण्याइतकीच पुढे झुकलेली असेल तर तो सरळ. हेडचं टोक थेट आकाशाकडे असेल तर थोडा उघडा. त्याहून मागे कललेला दिसला तर स्लाइस तिथेच ठरलेला आहे. हे घरच्या अंगणात, चेंडूशिवाय, अगदी सावकाश करून पाहता येतं, आणि उन्हाळ्यात काळी जमीन दगडासारखी होते तेव्हा मनगटांसाठीही तेच बरं.