बोटीच्या टाकीतलं पेट्रोल फाटतं कसं?

जुलै २०२४ मध्ये पुण्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, आठवतं ना? अशा बोटी कित्येक महिने नुसत्या पडून असतात आणि ज्या दिवशी लागतात त्या दिवशी इंजिन लगेच सुरू व्हायलाच हवं. म्हणून टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलबद्दल लिहावंसं वाटलं.

पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते एका रात्रीत हवेतलं पाणी ओढून घेतं असे मेसेज फिरतात, त्यात काही दम नाही. टाकीच्या एवढ्याशा भोकातून हवेतली वाफ फार हळू येते, खरं पाणी येतं ते सैल झाकणातून पावसाचं.

पण एकदा आत गेलं की खरी गंमत सुरू होते. इथेनॉलच्या रेणूचं एक टोक ऑक्सिजन-हायड्रोजनचं, ते पाण्याशी हायड्रोजन बंध करतं, आणि दुसरं टोक कार्बन-हायड्रोजनचं, ते पेट्रोलमध्ये मिसळतं, त्यामुळे थोडं पाणी या मध्यस्थाच्या जोरावर पेट्रोलमध्ये विरघळून राहतं आणि इंजिनातून निघूनही जातं. १० टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागे साधारण ५ मिली पाणी मावतं, ई२० मध्ये जास्त. त्यापुढे गेलं, किंवा थंडीत टाकी गार होऊन ही मर्यादा खाली आली, की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूने जातं, हेच पेट्रोलचं फाटणं. दोघांचा थर पेट्रोलपेक्षा जड, तो तळाशी बसतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळीही नेमकी तळातूनच ओढते! वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात ठोके न देता जळायची क्षमताही, घसरतो. मग कुठलंही बाटलीतलं औषध ओता, ते पूर्ववत होत नाही, सगळं उपसून नवीन भरावं लागतं. शंका आली तर तळाचं थोडं काचेच्या बरणीत काढून ठेवायचं, फाटलं असेल तर मधली रेघ सरळ दिसते.

भरताना सुटी टाकी बोटीतून काढून जमिनीवर ठेवायची, नोझल टाकीच्या तोंडाला टेकलेलं ठेवायचं म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडायची शक्यता कमी होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, बोटीत सांडलं तर ती तळाशी साचते आणि इंजिन सुरू करताना एक ठिणगी पुरते. टाकी गच्च भरायची नाही, उन्हात पेट्रोल फुगतं, आणि बोट ठेवून देताना झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद करून टाकी सावलीत, मोकळ्या हवेत ठेवायची.