इंटेल की एएमडी? आधी खोली किती तापते ते सांग

"मामा, इंटेल घेऊ की एएमडी?"

भाचा चोपड्याहून दुपारच्या एसटीनं आला होता. मे महिना, जळगावात पारा ४४ वर, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आधीच प्रोसेसरचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपचा, हा प्रश्न. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आपल्याकडे लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर सगळ्यात जास्त राबणार तो नेमका सगळ्यात तापलेल्या दिवसांत. मला विचाराल तर कंपनीच्या नावापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

नाहीतरी दोघं भाऊबंदच. इंटेल १९६८ची, एएमडी १९६९ची. आयबीएमनं १९८१च्या पीसीत इंटेलची चिप बसवली, पण सगळी भिस्त एकाच पुरवठादारावर नको म्हणून दुसराही मागितला. त्यातून १९८२चा करार झाला आणि एएमडी इंटेलच्याच आराखड्याच्या चिप बनवू लागली. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, भाऊबंदकीत होतात तशा. २००३मध्ये या घराण्याच्या चिपना ६४ बिटांची, म्हणजे एका दमात जास्त मोठे आकडे हाताळण्याची, जोड मात्र एएमडीनं दिली, आणि ती इंटेललाही घ्यावी लागली. म्हणून विंडोज, टॅली, मराठी टायपिंग दोन्हींवर सारखंच चालतं. अमक्या कंपनीवर सॉफ्टवेअर चालत नाही असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

फसगत होते ती आकड्यांत आणि शेपटाच्या अक्षरांत. इंटेलची लॅपटॉपमधली आय-सेव्हन १२५५यू ही १५ वॉटची चिप, तर आय-फाइव्ह १२५००एच ही ४५ वॉटची. तासभर चालणाऱ्या कामात धाकटी दिसणारी आय-फाइव्ह पुढे जाते. एएमडीची लॅपटॉपमधली रायझन ७५२०यू आली २०२२मध्ये, पण आतली रचना झेन-२ नावाची, म्हणजे २०१९ची. लॅपटॉपच्या त्या मालिकेत तिसरा अंक पाहायचा: २ असेल तर झेन-२, ४ असेल तर झेन-४. नव्या वेष्टनात जुना माल, पण लिहून दिलेला.

आता उष्णतेचं. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्याची स्वतःची वाढ. समजा, हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारी धातूची पाती) आणि पंखा असा आहे की दर वॉटमागे चिप ०.४ अंशानं चढते. डेस्कटॉपची आय-फाइव्ह १३४०० कागदावर ६५ वॉटची, पण जोर लावला की १४८ वॉटपर्यंत जाते. वाढ झाली ५९ अंश. २५ अंशांच्या खोलीत चिप ८४ वर राहील, काही बिघडत नाही. भाच्याची खोली स्लॅबखाली, दुपारी ४२. बेरीज १०१. शंभराला चिप स्वतःहून वेग उतरवते, जळू नये म्हणून. चिप तीच, पैसे तेच, पण खानदेशात काम कमी.

सुटका गणितातच आहे. चिपची उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्के वाढवले तर उष्णता ३३ टक्के वाढते. उलट बाजूनं बघा: शेवटचा थोडा वेग सोडून दिला की वॉट भराभर उतरतात. बहुतेक डेस्कटॉप मदरबोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ही वॉटची मर्यादा घालता येते, इंटेललाही आणि एएमडीलाही. एएमडीत त्याला इको मोड म्हणतात.

धुळीचं वेगळंच. एका ओळखीच्यांच्या जिनिंगमधला कॉम्प्युटर उघडला होता, हीटसिंकच्या पात्यांवर कापसाच्या तंतूंची चक्क गादी बसलेली. ते ब्रशनं काढलं आणि बंद पडणारं यंत्र चालू लागलं. नवा प्रोसेसर घ्यायला निघाले होते ते!

संध्याकाळी आम्ही गोलाणी मार्केटला गेलो. दुकानदार काका धरणगावकडचे. भाच्यानं तोच प्रश्न टाकला, तर ते म्हणाले, "तुले काम काय करनं से, ते पहिले सांग." व्हिडिओ म्हटल्यावर त्यांनी रायझन ७६०० आणि आय-फाइव्ह १३४०० पुढे ठेवल्या. रायझनही कागदावर ६५ वॉटचीच, पण थंड स्वभावाची, मला तीच आवडलेली. पण भाच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडायला व बांधायला क्विक सिंक नावाची खास यंत्रणा असते. त्याचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती वापरतं. मी माघार घेतली. थोडी स्वस्त १३४००एफ मात्र घेऊ दिली नाही. त्या 'एफ'चा अर्थच आत ग्राफिक्स नाही.

वाचलेले पैसे वगैरे काही नाही, उलट मोठ्या कूलरचे गेले. (आमच्याकडे कूलर म्हटलं की आधी वाळ्याची ताटी आणि पाण्याची टाकी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे बिलावर नजर पडल्यावर ताई चक्रावली.) घरी आल्यावर बायोसमध्ये ९० वॉटची मर्यादा घातली. ०.४नं गुणलं तर ३६ अंश, अधिक ४२, म्हणजे ७८. नव्या कूलरनं त्याहूनही कमी. तासाभराच्या लग्नाचा व्हिडिओ बाहेर काढायला थोडी मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यात तो दुसऱ्या कूलरमध्ये पाणी भरून घेतो.