चिनी मुलांना इंग्रजी उतारा कुठे अडतो?

दरवर्षी जून उजाडला की चीनमधल्या गाओकाओ या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेचे फोटो सगळीकडे झळकतात. केंद्राबाहेर लाल छीपाओ, म्हणजे पारंपरिक चिनी झगा, घालून उभ्या असलेल्या आया, भोंगा न वाजवता जाणाऱ्या गाड्या, ७ आणि ८ जूनचा बंदोबस्त. २०२४ साली १ कोटी ३४ लाखांहून अधिक मुलांनी या परीक्षेसाठी नाव नोंदवलं होतं. त्यांतल्या बहुतेकांना इंग्रजीची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, आणि ती कशी सोडवत असतील हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, ‘चित्रं वाचणारी मुलं ती, त्यांना एबीसीडी कशी झेपणार?’

या एका वाक्यात दोन चुका आहेत. चिनी अक्षरं म्हणजे चित्रं नव्हेत. ८० टक्क्यांहून अधिक अक्षरांमध्ये एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. शिवाय चीनमधलं मूल पहिलीतच रोमन अक्षरं गिरवतं, कारण चिनी उच्चार शिकवण्यासाठी १९५८ साली मान्य झालेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धत वापरतात. इंग्रजी विषय साधारण तिसरीपासून सुरू होतो. म्हणजे बारावीच्या तोडीच्या वर्गात, ज्याला तिकडे गाओसान म्हणतात, पोचेपर्यंत रोमन लिपीशी त्याची अकरा-बारा वर्षांची ओळख झालेली असते. लिपीचा डोंगर त्याने केव्हाच ओलांडलेला असतो. अडतं ते पुढे, वाक्याच्या रचनेत.

आधी परीक्षेचा आराखडा पाहू. बेजिंग, शांघाय आणि त्यानचिनच्या पत्रिका वेगळ्या असतात, ते बाजूला ठेवू. बहुतेक प्रांतांत चालणाऱ्या राष्ट्रीय पत्रिकेत इंग्रजीला १५० गुण आणि १२० मिनिटं असतात. वाचनाला त्यातले ५० गुण. ए ते डी असे चार उतारे, त्यांवर १५ प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. पाचव्या उताऱ्यात पाच रिकाम्या जागा आणि सात वाक्यं दिलेली असतात. योग्य ती पाच निवडून बसवायची. ऐकणं, गाळलेल्या जागा आणि दोन लेखनप्रश्न यांचा वेळ वजा केला तर वाचनाला ३५ ते ४० मिनिटं उरतात, म्हणजे एका उताऱ्याला सात-आठ मिनिटं.

शब्दसंपत्तीचा हिशोब सोपा आहे. परक्या भाषेतलं वाचन अभ्यासणारे सांगतात, की मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असले तर उरलेल्यांचा अर्थ संदर्भावरून लावता येतो; ९५ टक्क्यांवर गाडी रखडत चालते. ३०० शब्दांच्या उताऱ्यात ९८ टक्के म्हणजे ६ अनोळखी शब्द, ९५ टक्के म्हणजे १५. अभ्यासक्रमाची यादी सुमारे ३००० शब्दांची आहे आणि गाओसानची मुलं ती तोंडपाठ करतात. फसवतात ते ओळखीचेच शब्द. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता एवढंच घोकलेलं असतं आणि उताऱ्यात तो ‘समस्येला हात घालणे’ या अर्थाने येतो. अशा शब्दांची वेगळी वही ठेवावी, आणि त्यात शब्दापुढे सुटा अर्थ न लिहिता तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य लिहावं.

आता मूळ मुद्दा. हे वाक्य घ्या: ‘द मेथड द फार्मर्स टेस्टेड लास्ट इयर इन थ्री व्हिलेजेस वॉज टू कॉस्टली.’ यातला एकही शब्द अवघड नाही. तरीही गाओसानचा मुलगा इथे ठेचकाळतो.

हेच वाक्य चिनीत करायचं तर शब्द असे लागतात: शेतकरी, गेलं वर्ष, तीन गावं, वापरून पाहणं, ‘दे’, पद्धत, फार खर्चिक. मधला ‘दे’ हा जोडशब्द आहे. रोमनीत तसा लिहितात, उच्चार मात्र तोकड्या ‘त’सारखा. ‘आतापर्यंत जे सांगितलं ते पुढच्या नामाचं वर्णन होतं’ एवढंच तो सांगतो. मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. ‘शेतकऱ्यांनी गेल्या वर्षी तीन गावांत वापरून पाहिलेली पद्धत फार खर्चिक ठरली.’ क्रम तोच, आणि ‘पाहिलेली’मधला ‘-लेली’ ‘दे’चंच काम करतो. आधी विशेषण, मग नाम. इंग्रजीत उलटं: नाम आधी येतं आणि वर्णन शेपटासारखं मागून.

पण फरक नुसता उलट-सुलट क्रमाचा नाही. वर्णन करणाऱ्या उपवाक्याला खूण कुठे असते, ते बघा. चिनीत सुरुवातीला खूण नाही, शेवटी ‘दे’ आहे. इंग्रजीत सुरुवातीला खूण असते (‘दॅट’, ‘व्हिच’, ‘हू’), शेवटी काहीच नाही. उपवाक्य कुठे संपलं हे वाचणाऱ्याने ओळखायचं. आणि ती सुरुवातीची खूणही इंग्रजी पुष्कळदा गाळते. वरच्या वाक्यात ‘मेथड’नंतर ‘दॅट’ हवा होता, तो गायब आहे. मराठीची दुसरी रचना मात्र दोन्हीकडे खांब रोवते: ‘जी पद्धत शेतकऱ्यांनी वापरून पाहिली, ती फार खर्चिक ठरली.’ ‘जी’पाशी उपवाक्य उघडलं, ‘ती’पाशी बंद झालं. या ‘जो-तो’ला आपण शाळेत कंटाळतो, पण वाचणाऱ्याची इतकी काळजी घेणारी रचना फार भाषांत मिळत नाही.

चिनी वाचकाच्या मेंदूला शेवटच्या खुणेची वाट पाहायची सवय असते. इंग्रजीत ती येतच नाही. ‘मेथड’ वाचून झालं. हे नाम हातात धरून ठेवायचं, कारण त्याचं क्रियापद ‘वॉज’ अजून आठ शब्द दूर आहे. मधे ‘फार्मर्स टेस्टेड’ ही स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद असलेली दुसरी जोडी घुसते. कार्यकारी स्मृती, म्हणजे वाचताना मजकूर तात्पुरता धरून ठेवणारी जागा, एका वेळी साधारण चारच गठ्ठे पेलते. मुलगा शब्द सुटे सुटे वाचत असेल तर आठ शब्दांत ‘मेथड’ निसटतो. मग ‘वॉज’ला कर्ता हवा म्हणून तो जवळचं नाम पकडतो आणि गावंच खर्चिक करून टाकतो! ‘व्हिलेजेस’ अनेकवचनी आहे, त्याच्याशी ‘वॉज’ जुळूच शकत नाही, ही धोक्याची घंटा इंग्रजीने वाजवलेली असते. पण चिनी क्रियापद वचनानुसार बदलत नाही, त्यामुळे ती घंटा ऐकायची कानाला सवयच नसते.

यातही पोटभेद आहे. वर्णन केलेलं नाम उपवाक्यात कर्ता असेल (‘ज्याने शेतकऱ्याला पाहिलं तो माणूस’) तर इंग्रजी वाचक ते झटपट वाचतो. कर्म असेल (‘ज्याला शेतकऱ्याने पाहिलं तो माणूस’) तर अडखळतो, कारण नाम आणि त्याची उपवाक्यातली मूळ जागा यांतलं अंतर वाढतं. चिनीत नाम शेवटी येत असल्याने हे अंतराचं गणित फिरतं, आणि तिथे कोणता प्रकार सोपा यावर भाषाशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. परीक्षेपुरतं इतकंच धरा, की कर्मवाली रचना इंग्रजीत जड असते आणि ‘दॅट’ गाळला जातो तोही तिच्यातच.

इंग्रजीचा आणखी एक सापळा ‘-एड’चा. ‘स्टुडंट्स ॲडमिटेड लास्ट इयर टुक द सेम टेस्ट.’ ‘ॲडमिटेड’पाशी मुलगा म्हणतो, विद्यार्थ्यांनी काहीतरी कबूल केलं. पुढे ‘टुक’ येतो आणि सगळं कोसळतं. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांनी तीच परीक्षा दिली, असा अर्थ आहे. मराठीत ‘पळवला’ आणि ‘पळवलेला’ ही रूपं वेगळी, म्हणून आपल्याला हा घोटाळा ऐकूनही खरा वाटत नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शेपूट.

सराव असा करायचा. पहिल्या वाचनाला घड्याळ लावू नये. लांब वाक्यात आधी पक्की क्रियापदं शोधायची, म्हणजे ‘टुक’, ‘वॉज’, ‘हॅज’ यांसारखी, जी दुसरं काही असूच शकत नाहीत. त्यांच्याखाली रेघ. मग ‘-एड’वाली संशयित रूपं तपासायची: त्या जागी ‘चूज’ बसवलं तर ‘चोझ’ लागतं की ‘चोझन’? ‘चोझन’ लागलं तर ते क्रियापद नव्हे, वर्णन आहे. शेवटी मोजणी. क्रियापदं जितकी, त्यांहून जोडशब्द एकने कमी. दोन क्रियापदं आहेत आणि जोडशब्द एकही दिसत नाही, म्हणजे एक लपलेला आहे. तो बहुधा तिथे सापडतो जिथे दोन नामं स्वल्पविरामाशिवाय एकमेकांना चिकटलेली असतात: ‘द मेथड | द फार्मर्स’. त्या फटीत पेन्सिलने ‘दॅट’ लिहायचा आणि उपवाक्य जिथे संपतं तिथे कंस बंद करायचा. इंग्रजीने न दिलेली शेवटची खूण आपणच द्यायची.

यानंतर मुलं चिनीत भाषांतर करू लागतात आणि तिथे पुन्हा घसरतात. नीट चिनी वाक्य करायला उपवाक्य उचलून नामाच्या आधी न्यावं लागतं, डोळा पुढे जाऊन मागे येतो आणि वेळ खातो. दुभाषे असं करत बसत नाहीत. ते आलेल्या क्रमाने तुकडे उलगडतात. चिनीत याला शुनयी म्हणतात. ‘एक पद्धत. शेतकऱ्यांनी ती वापरून पाहिली. गेल्या वर्षी, तीन गावांत. फार खर्चिक निघाली.’ भाषांतर बोजड झालं तरी चालेल, क्रम मोडता कामा नये. रोज अशी पाच वाक्यं मोठ्याने, तुकड्यागणिक थांबत वाचली तर सुट्या शब्दांचे गठ्ठे बनायला लागतात आणि चार गठ्ठ्यांत अख्खं वाक्य मावतं.

‘मिनिटाला हजार शब्द’ वाचायला शिकवणाऱ्या वर्गांचा सल्ला असतो, डोळा मागे नेऊ नका. हा सल्ला धुडकावून लावा. मातृभाषेत सराईतपणे वाचणाऱ्याचाही डोळा दर शंभर उड्यांत १० ते १५ वेळा मागे जातो, आणि वाचलेला मजकूर झाकून ही सोय काढून घेतली की आकलन घसरतं, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. मागे कुठे जायचं ते कळलं पाहिजे: वाक्याच्या आरंभाला नव्हे, हातातून निसटलेल्या नामाकडे.

चुकलेल्या प्रश्नांचे तीन खण करावेत: शब्द अडला, वाक्य अडलं, की पर्यायाने फसवलं. तिसऱ्या खणातल्या एका सापळ्याला चिनी शिक्षक ‘झांगची टोपी लीच्या डोक्यावर’ म्हणतात. आपलं ‘याची टोपी त्याला’ आठवावं. पर्यायातला प्रत्येक शब्द उताऱ्यात असतो, फक्त एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर. ‘गावातलं राहणं महाग होतं’ हा असाच पर्याय, आणि ज्याने ‘वॉज’ला ‘व्हिलेजेस’ जोडलं त्याला तो अगदी बरोबर वाटतो. म्हणून तिसऱ्या खणातल्या बऱ्याच चुका खरं तर दुसऱ्या खणातल्या निघतात. खण ठरवण्याआधी ज्या वाक्यावर उत्तर अवलंबून होतं ते शुनयीने पुन्हा वाचून पाहावं.

मुलांमध्ये एक मंत्रही फिरतो: तीन पर्याय लांब आणि एक आखूड असेल तर आखूड निवडा, तीन आखूड आणि एक लांब असेल तर लांब. चौघांची लांबी जवळपास सारखी असली की मंत्राला बोलायलाच जागा राहत नाही. आयांच्या छीपाओचंही तसंच. त्या नावातलं पहिलं अक्षर विजयाच्या एका म्हणीतही आहे, एवढाच काय तो संबंध. छीपाओने कोणाचं नुकसान होत नाही. मंत्राने मात्र अडीच गुण जातात.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत नवे उतारे कमी करून जुन्या चुकांतली वाक्यंच पुन्हा वाचावीत. उताऱ्यांचा संच घड्याळ लावून सोडवायचा तो दुपारी तीन वाजता. इंग्रजीची पत्रिका ८ जूनला दुपारी ३ ते ५ असते, आणि चिनी शाळांत जेवणानंतर डुलकी काढायची पद्धत आहे. झोपेतून उठल्या उठल्या आठ शब्द पलीकडचं क्रियापद शोधणं हे निराळं काम आहे, तेही त्याच वेळी करून पाहिलेलं असावं.