झूकीपर शेल

अपाची झूकीपर या समन्वय सेवेतील माहिती टर्मिनलवरून वाचण्यासाठी आणि बदलण्यासाठी असलेला कमांड-लाइन प्रोग्रॅम. झूकीपर उतरवून घेतले की त्यासोबतच तो 'झेडकेसीएलआय' नावाच्या स्क्रिप्टच्या रूपाने मिळतो.

अनेक सर्व्हर मिळून एकच काम करतात तेव्हा काही गोष्टींवर सगळ्यांचे एकमत लागते. सध्या मुख्य कोण, गटात कोण कोण हजर आहे, अमुक कामाचे कुलूप कोणाच्या हाती आहे. ही माहिती असते चिमूटभर, पण तिच्यात घोळ झाला तर सगळाच कारभार कोलमडतो. ती सांभाळण्यासाठी याहूमध्ये झूकीपर घडले. आधी ते हडूप या मोठ्या डेटावरील प्रक्रियेच्या प्रणालीचा उपप्रकल्प होते, पुढे अपाची या मुक्तस्रोत संस्थेचा स्वतंत्र प्रकल्प झाले. यातील माहिती झाडाच्या आकारात मांडलेली असते आणि प्रत्येक गाठीला 'झेडनोड' म्हणतात. झेडनोड एकाच वेळी फाइलही असतो आणि फोल्डरही, कारण त्यात मजकूर राहतो आणि त्याखाली आणखी झेडनोडही राहतात. एका झेडनोडमधील मजकुराची ठरलेली मर्यादा सुमारे १ एमबी आहे. सेवा डेटाबेससारखी वापरू नये म्हणून ती मुद्दाम आखडती ठेवली आहे.

शेल सहसा २१८१ या पोर्टवर जोडला जातो. जोडणी झाली की प्रॉम्प्टमध्ये सर्व्हरचा पत्ता, जोडणीची स्थिती आणि कमांडचा अनुक्रमांक दिसतो. 'एलएस'ने खालचे झेडनोड दिसतात, 'गेट'ने मजकूर वाचता येतो, 'सेट'ने तो बदलता येतो. 'क्रिएट' आणि 'डिलीट' नावाप्रमाणेच. युनिक्सची सवय असलेल्याला हे सगळे ओळखीचे वाटते आणि फसगत नेमकी तिथेच होते. इथे 'सध्याची डिरेक्टरी' अशी गोष्टच नाही, त्यामुळे प्रत्येक मार्ग मुळापासून, तिरक्या रेघेने सुरू करून लिहावा लागतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. शेलला सेवेत कोणताही खास मान नाही. इतर प्रोग्रॅम जसे ग्राहक म्हणून जोडले जातात तसाच हाही एक ग्राहक, आणि तो ज्या सर्व्हरला जोडला आहे त्याच्याच डोळ्यांनी त्याला दिसते.

लेखन नेहमी लीडरमार्फत, म्हणजे सर्व्हरांनी आपल्यातून निवडलेल्या मुख्य सर्व्हरमार्फत, होते आणि बहुसंख्य सर्व्हरांनी नोंदवले की मगच पक्के होते. पाचांच्या गटात तिघांनी. वाचनाला मात्र समोरचा सर्व्हर आपल्या स्मृतीतूनच उत्तर देतो. म्हणून दोन टर्मिनल दोन वेगळ्या सर्व्हरांना जोडलेले असतील तर क्षणभर एकात नवा मजकूर आणि दुसऱ्यात जुना दिसू शकतो. तो बिघाड नव्हे. ताजे उत्तर हवे असेल तर आधी त्या मार्गावर 'सिंक' चालवून मग वाचावे.

सेवेचा स्वभाव समजून घ्यायला दोन टर्मिनल पुरतात. पहिल्यात 'क्रिएट'ला '-ई' जोडून एक इफेमरल झेडनोड तयार करावा. हा फक्त सेशनपुरता, म्हणजे ग्राहकाची सर्व्हरशी जोडणी टिकते तेवढाच काळ, जगतो आणि त्याला मुले होऊ शकत नाहीत. दुसऱ्यात त्याच मार्गावर 'गेट -डब्ल्यू' देऊन वॉच, म्हणजे पहारा, बसवावा. पहिल्यात 'क्विट' म्हणताच झेडनोड नाहीसा होतो आणि दुसऱ्या पडद्यावर 'नोड-डिलीटेड' अशी सूचना उमटते. आता तोच प्रयोग पुन्हा करावा, पण या वेळी पहिल्या शेलची प्रक्रिया बाहेरून जबरदस्तीने मारावी. लगेच काहीच घडत नाही. सेशनची मुदत संपेपर्यंत झेडनोड तसाच राहतो. शेल स्वतः मागतो ती मुदत ३० सेकंदांची असते. मेलेला ग्राहक आणि नेटवर्कमुळे अडकलेला ग्राहक यांच्यात सर्व्हरला दुरून फरक करता येत नाही, म्हणून तो वाट पाहतो. असे वॉच एकदा वाजले की संपते. कायमचा पहारा हवा असेल तर ३.६ आवृत्तीपासून 'ॲडवॉच' आहे.

'गेट -एस' दिल्यावर मजकुराखाली झेडनोडचा सारा जन्मवृत्तान्त येतो. सेवा चालवणाऱ्याने, म्हणजे चालकाने, सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इथेच. 'इफेमरल-ओनर' शून्य असेल तर झेडनोड कायमस्वरूपी. नाहीतर तिथे मालक सेशनचा क्रमांक दिसतो. 'एम-झेडएक्सआयडी' हा शेवटच्या बदलाचा ६४ बिटांचा क्रमांक. त्याचे वरचे ३२ बिट कोणत्या लीडरची कारकीर्द ते सांगतात आणि खालचे ३२ त्या कारकिर्दीतील कितवा बदल ते. कोणता बदल आधी झाला हे ठरवताना घड्याळाच्या वेळेपेक्षा याच क्रमांकावर विसंबावे. आणि 'डेटा-व्हर्जन' तर हातातले शस्त्रच आहे. समजा तो ७ दिसला. मग 'सेट -व्ही ७' असे लिहून बदल करावा. वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या काळात दुसऱ्या कोणी हात लावला असेल तर आकडा जुळत नाही आणि कमांड नाकारली जाते. चालू प्रणालीत '-व्ही'शिवाय केलेला 'सेट' म्हणजे दुसऱ्याचे काम न बघता पुसणे. 'डिलीट'लाही हाच पर्याय आहे. 'डिलीटऑल' मात्र सगळी फांदी उतरवते, 'नक्की ना?' असे विचारतही नाही आणि केलेले मागे घेण्याची सोय नाही. जुन्या आवृत्त्यांत हीच कमांड 'आरएमआर' नावाने होती.

परवानग्या 'सेट-एसीएल'ने ठरतात आणि मुळात त्या सर्वांना सगळे करू देतात. त्या वरून खाली झिरपत नाहीत. झेडनोड पुसता येतो की नाही हे त्याच्या स्वतःच्या नव्हे, तर पालकाच्या परवानगीवर अवलंबून असते.

शेलच्या जोडीला सर्व्हरला थेट पाठवायच्या चार अक्षरी कमांड आहेत. 'आरयूओके' विचारले की 'आयएमओके' असे उत्तर येते. पण त्यातून प्रक्रिया चालू आहे एवढेच कळते. तो सर्व्हर बहुमताच्या गटात सामील आहे असे कळत नाही. त्यासाठी 'एसआरव्हीआर' पाहावे.

अपाची काफ्का या संदेशवहन प्रणालीच्या जुन्या क्लस्टरांत, म्हणजे सर्व्हरांच्या गटांत, '/कंट्रोलर' हा इफेमरल झेडनोड शेलमधून पुसून कंट्रोलरची, म्हणजे गटाचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हरची, नवी निवड घडवून आणणे ही चालकांची माहितीतली युक्ती होती. २०२५ मध्ये आलेल्या काफ्का ४.० ने झूकीपरचा आधार पूर्ण सोडला. एचबेस हा डेटाबेस आणि सोलर हे शोधयंत्र यांच्या क्लस्टरांत तो अजून आहे. कुबरनेटीज या कंटेनर सांभाळणाऱ्या प्रणालीच्या जगात हेच काम ईटीसीडी ही सेवा करते. तिचा शेल 'ईटीसीडीसीटीएल', आणि इफेमरल झेडनोडच्या जागी तिथे मुदतीची 'लीज' असते.