गुंडाळलेल्या पोळीतील पाण्याचा प्रवास

पोळीवर चटणी किंवा चक्का पसरायचा, त्यावर भाज्यांच्या काड्या मांडायच्या, घट्ट गुंडाळी करायची आणि तिचे बोटभर जाडीचे काप करून पाहुण्यांपुढे ठेवायचे, एवढीच भाज्यांच्या रोलची कृती आहे. तरीही घरोघरी या पदार्थाबद्दल दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. गुंडाळताना पोळी चिरते ही पहिली तक्रार, आणि नीट गुंडाळलेला रोल तासाभरात ओला होऊन खालून फाटतो ही दुसरी. या तक्रारी परस्परविरुद्ध वाटल्या, तरी दोन्हींच्या मुळाशी पाणीच आहे. पोळीत पाणी किती आहे, ते कोणत्या रेणूंनी धरून ठेवले आहे आणि भाजीतले पाणी पोळीपर्यंत किती वेगाने पोहोचते, हे एकदा समजले की कोणत्याही भाजीचा रोल विश्वासाने करता येतो.

सुरुवात कणकेपासून करावी लागते. गव्हाच्या पिठातील ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिने पाण्याच्या सान्निध्यात एकमेकांत गुंततात आणि त्यांचे ग्लुटेन नावाचे जाळे तयार होते. ग्लुटेनिनमुळे कणकेला ताण सहन करून मागे येण्याची शक्ती मिळते, तर ग्लायाडिनमुळे ती न तुटता लांबते. रोलसाठी दोन्ही गुण हवेत, परंतु लांबण्याचा गुण अधिक महत्त्वाचा आहे. म्हणूनच कणीक तिंबून झाल्यावर ती झाकून किमान अर्धा तास ठेवावी. या वेळात ताणलेले जाळे सैलावते आणि कोंड्याचे कणही सावकाश पाणी शोषून मऊ होतात. हे कण कोरडे राहिले, तर पोळी वाकताना नेमक्या त्यांच्या कडेपासून चीर सुरू होते.

चक्कीवर दळलेल्या पिठाचे एक वैशिष्ट्य येथे कामी येते. जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे बरेच कण भंगतात, आणि भंगलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी धरतो. म्हणून आपल्या पिठाला 100 ग्रॅममागे साधारण 60 ते 70 मिलिलिटर पाणी लागते. महाराष्ट्रात ‘लोकवन’ या नावाने परिचित असलेला गहू, म्हणजे गुजरातमधील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत विकसित झालेला लोक-1 हा वाण, रोलच्या पोळीला चांगला चालतो. खपली गव्हाचे ग्लुटेन मात्र दुबळे असते. त्याची पोळी चवीला उत्तम, पण घट्ट गुंडाळीत ती लवकर तुटते.

तव्यावर पोळी पडली की दोन गोष्टी घडतात. कणकेचे तापमान सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, त्यांची मूळची स्फटिकासारखी रचना मोडते आणि पोळीला मऊपणा येतो. पुढे 100 अंशांना आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे 1600 ते 1700 पट वाढते, त्यामुळे पोळीतले थोडेसे पाणीही तिला टम्म फुगवायला पुरते. मात्र प्रत्येक वाफेबरोबर पाणी बाहेरही जाते. चांगल्या भाजलेल्या पोळीत शेवटी वजनाच्या साधारण एक-तृतीयांश पाणी उरते, तेही सर्वत्र सारखे नसते, कारण पृष्ठभाग कोरडा आणि गाभा ओलसर असतो. अशी गरम पोळी लगेच गुंडाळली, तर कोरडा पृष्ठभाग चिरतो. सुती कापडात गुंडाळून डब्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवली, तर गाभ्यातले पाणी पृष्ठभागाकडे सरकते आणि सगळी पोळी सारखी लवचीक होते. रोलसाठी मंद आचेवर बराच वेळ भाजण्यापेक्षा तापलेल्या तव्यावर झटपट भाजणे योग्य ठरते, कारण कमी वेळात पाणी कमी उडते.

आता वाकण्याचा विचार करू, कारण या पदार्थातले सर्वांत सुंदर भौतिकशास्त्र तेथे आहे. कोणताही पत्रा वाकवला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. बाहेरच्या बाजूवरील ताण किती, हे पत्र्याच्या जाडीला वाकाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागून काढता येते. दोन मिलिमीटर जाडीची पोळी दहा मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे 10 टक्के ताणला जातो, आणि मऊ पोळी एवढा ताण सोसू शकते. पण गुंडाळीचा पहिलाच वेढा जर चार मिलिमीटर त्रिज्येचा घेतला, तर हाच ताण 25 टक्क्यांवर जातो. म्हणून पोळी नेहमी आतल्या पहिल्या वेढ्यात फाटते, बाहेरच्या वेढ्यात क्वचितच. उपाय सोपा आहे. पहिल्या कडेला काकडी-गाजराच्या काड्यांची जाडसर जुडी ठेवावी आणि तिच्याभोवती गुंडाळायला सुरुवात करावी, म्हणजे पहिल्या वेढ्याची त्रिज्या आपोआप वाढते. तसेच पोळीची अधिक कोरडी, डाग पडलेली बाजू आत आणि मऊ बाजू बाहेर ठेवावी, कारण ताण बाहेरच्या बाजूवर येतो.

याच गणितातून घडीच्या पोळीचे श्रेष्ठत्व लक्षात येते. तेल आणि पिठी लावून घडी घातल्यावर लाटलेल्या पोळीत तीन-चार पदर तयार होतात. पुस्तक वाकवताना त्याची पाने एकमेकांवरून सरकतात, म्हणून जाड पुस्तकही सहज वाकते, मात्र तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा मोडतो. घडीच्या पोळीतील तेलाचे थर पदरांना असेच काही प्रमाणात सरकू देतात. चार पदर पूर्णपणे मोकळे असते, तर प्रत्येक पदरावरचा ताण एक-चतुर्थांश झाला असता. प्रत्यक्षात पदर कडांना आणि अधूनमधून चिकटलेले असल्यामुळे फायदा त्याहून कमी मिळतो, तरी तो हाताला स्पष्ट जाणवण्याइतका असतो. कामाच्या घाईत फुलके हाताशी असले तरी रोलसाठी वेगळ्या घडीच्या पोळ्या लाटाव्यात, असे माझे ठाम मत आहे. फुलक्याचा वरचा पापुद्रा पातळ आणि जाळावर कोरडा झालेला असतो, आणि एकटाच ताण घेताना तो फाटतो.

ज्वारी किंवा बाजरीच्या भाकरीचा रोल का होत नाही, याचे उत्तरही येथेच मिळते. या धान्यांत ग्लुटेन तयार करणारी प्रथिने नाहीत. भाकरीचे पीठ गरम पाण्यात भिजवले की थोडे स्टार्च फुगून चिकटपणा येतो आणि भाकरी थापता येते, परंतु ताण सोसणारे जाळे त्यात नसते. सुरळीच्या वडीत ग्लुटेन नसूनही गुंडाळी जमते, कारण ताकात शिजवलेल्या बेसनाचा थर एक मिलिमीटरच्या आसपास असतो. तेथे जाडी कमी ठेवून ताण कमी केलेला आहे.

पोळ्या सकाळी करून रोल संध्याकाळी करायचे असतील, तर शिळेपणाचा प्रश्न येतो. पोळी वाळते म्हणून कडक होते, ही सर्वसाधारण समजूत अपुरी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बूसँगो यांनी 1852 मध्ये दाखवून दिले होते की पावातील पाणी उडू दिले नाही, तरीही तो शिळा होतो, आणि गरम केल्यावर पुन्हा मऊ होतो. कारण भाजताना विस्कळीत झालेले स्टार्चचे रेणू थंड झाल्यावर पुन्हा ओळीने जुळू लागतात, आणि जुळलेली रचना ताठ असते. पोळीतही हेच घडते. ही जुळणी फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे 4 अंशांच्या आसपास, खोलीच्या तापमानापेक्षा वेगाने होते. म्हणून साध्या पोळ्या गुंडाळण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवू नयेत. ठेवाव्याच लागल्या, तर वाफेवर किंवा झाकण ठेवून तव्यावर पुन्हा गरम कराव्यात. तापमान 60 अंशांपलीकडे गेले की जुळलेली रचना बरीचशी सुटते. कणकेत घातलेले मोहन आणि पाण्याऐवजी वापरलेले थोडे दूध हा शिळेपणा लांबवतात.

आता दुसऱ्या तक्रारीकडे वळू. काकडीत सुमारे 95 टक्के पाणी असते, कोबी आणि ढोबळी मिरचीत 92 टक्क्यांच्या आसपास, तर गाजरात 88 टक्के. याच्या शेजारी एक-तृतीयांश पाणी असलेली पोळी ठेवली, तर पाणी कोणत्या दिशेने जाणार हे उघड आहे. एक अंदाज करून पाहू. पोळी 45 ग्रॅमची असेल, तर तिच्यात 15 ग्रॅम पाणी आहे. आत 50 ग्रॅम काकडी भरली, तर त्यात जवळजवळ 47 ग्रॅम पाणी आले. त्यातले केवळ पाच ग्रॅम पोळीत शिरले, तरी पोळीतील पाण्याचे प्रमाण 33 वरून 40 टक्क्यांवर जाते. मळलेल्या कच्च्या कणकेत ते साधारण 47 टक्के असते. म्हणजे काकडीतील एक-दशांश पाण्यानेच भाजलेली पोळी पुन्हा कणकेच्या निम्म्या वाटेवर जाते. अशी पोळी उचलताना फाटली, तर त्यात नवल नाही.

हे पाणी भाजीतून बाहेर येते, ते मुख्यतः मिठामुळे. भाजीच्या प्रत्येक पेशीभोवती एक पडदा असतो, जो पाण्याला जाऊ देतो पण मिठाला सहज येऊ देत नाही. बाहेर मिठाचे प्रमाण वाढले की पाणी पेशीबाहेर येते. कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालण्याची आपली पद्धत याच परासरणावर आधारलेली आहे. रोलच्या बाबतीत मात्र उलट मार्ग जास्त उपयोगी पडतो. काकडी आणि कोबी बारीक चिरून त्यांना वजनाच्या दीड ते दोन टक्के मीठ आधीच लावावे, वीस मिनिटे चाळणीत ठेवावे आणि मग घट्ट पिळावे. जे पाणी पोळीत गेले असते, ते आधीच भांड्यात जमा होते. मीठही त्याबरोबर काही अंशी निघून जाते, म्हणून चटणीत वेगळे मीठ घालताना चव पाहावी. पिळलेले पाणी टाकून देऊ नये, त्यातच पोळीची कणीक भिजवावी. ढोबळी मिरची आणि कांदा यांना मोठ्या आचेवर परतणे सोयीचे पडते, कारण उष्णतेने पेशींचे पडदे फुटतात आणि सुटलेले पाणी तव्यावरच उडून जाते. परतलेली भाजी पूर्ण थंड झाल्याशिवाय पोळीवर घेऊ नये, नाहीतर तिची वाफ गुंडाळीच्या आतच पाणी होऊन बसते.

चिरण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. किसणीवर पेशी मोठ्या संख्येने फाटतात आणि मीठ न लावताही रस सुटतो. धारदार सुरीने कापलेल्या काडीत फक्त कापाच्या रेषेवरच्या पेशी फुटतात. म्हणून गाजर किसण्यापेक्षा लांब, काडेपेटीतील काडीएवढे पातळ कापावे. या काड्या गुंडाळीच्या लांबीला समांतर मांडाव्यात. आडव्या मांडल्या, तर प्रत्येक काडी वाकण्याला विरोध करते आणि तिचे टोक पोळीला भोक पाडते.

पाण्याची वाट अडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे स्निग्ध थर. लोणी किंवा तूप पोळी कोमट झाल्यावर लावावे, कारण गरम पोळीवर ते वितळून आत मुरते आणि पृष्ठभागावर थर उरत नाही. तिळाची किंवा शेंगदाण्याची तेलकट चटणीही हे काम करते, शिवाय शेंगदाण्याचे कूट आणि डाळव्याचे पीठ सुटलेले पाणी स्वतःत शोषून घेतात. चक्का एकटा पुरेसा नाही, त्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते आणि मीठ घातल्यावर तो पाणी सोडू लागतो. म्हणून चक्क्यात दोन चमचे डाळव्याचे पीठ मिसळून दहा मिनिटे ठेवावे. दुसरा मार्ग म्हणजे पानांचा थर. झाडाची पाने स्वतःचे पाणी राखण्यासाठी पृष्ठभागावर मेणचट आवरण तयार करतात. धुऊन पूर्ण कोरडी केलेली कोवळी पालकाची किंवा लेट्यूसची पाने चटणीवर अंथरून त्यावर ओल्या भाज्या ठेवल्या, तर हे आवरण पोळीचे रक्षण करते.

पाणी खरोखर कोठपर्यंत पोहोचले, हे पाहायचे असेल तर एका रोलमध्ये बीट आणि दुसऱ्यात गाजर घालून पाहावे. बीटमधील लाल रंग, बीटानिन, पाण्यात विरघळतो, म्हणून पाणी जेथे जाईल तेथे तो जातो. गाजरातील बीटा-कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी सरकले तरी रंग जागेवरच राहतो. लोणी लावलेली पोळी आणि न लावलेली पोळी यांत बीटचे रोल करून अर्ध्या तासाने कापले, तर लाल डागांची खोली डोळ्यांनी मोजता येते. शाळकरी मुलांना हा प्रयोग करायला द्यावा. परासरणाची व्याख्या पाठ करून जे कळत नाही, ते येथे ताटात दिसते.

रोल करताना सारणाचा थर चार मिलिमीटरपेक्षा जाड नसावा आणि शेवटची दोन बोटे पोळी मोकळी सोडावी, कारण दाबाने सारण पुढे सरकते. शेवटची कड चक्क्याने चिकटवावी. गुंडाळी घट्ट कापडात किंवा बटर पेपरमध्ये बांधून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावी. या वेळी स्टार्चचे ताठ होणे आपल्या कामी येते, कारण पोळीला आकार आलेला असतो आणि त्या आकारातच ती स्थिरावते, तर लोणी गोठून वेढ्यांना एकमेकांशी धरून ठेवते. अळूवडीचा उंडा वाफवून थंड झाल्यावरच का कापतात, त्याचे कारणही हेच आहे. गरम असताना शिजलेल्या बेसनाची खळ मऊ असते आणि सुरीबरोबर ओढली जाते.

कापताना सुरी खाली दाबू नये, पुढे-मागे सरकवत कापावे आणि दर कापानंतर ओल्या फडक्याने पुसावी. दाबल्याने भाज्यांच्या पेशी फुटतात आणि एवढा वेळ अडवलेले पाणी शेवटच्या क्षणी सुटते. काप फ्रिजबाहेर काढल्यावर दोन तासांत संपवावेत, कारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात आणि चक्का, शिजलेली पोळी व चिरलेली भाजी या तिन्ही गोष्टी त्यांना पोषक असतात. पाहुणे उशिरा येणार असतील, तर गुंडाळी अखंडच फ्रिजमध्ये राहू द्यावी आणि ते आल्यावर कापावी.